अर्जातले दाणे

बिदर-कलबुर्गीचे पदवीधर हैदराबादेतील मोठ्या लेखापरीक्षण व सल्लागार संस्थांत निवडीसाठी जातात. अर्ज, चाचणी, गटचर्चा, मुलाखत अशा पायऱ्या असतात. न केलेले काम अर्जात लिहावे काय, असा मोह तेथे होतो. कर्ज काढून शिकविलेल्या मुलास तो आवरणे कठीण, हे आम्ही जाणतो.

बाराव्या शतकात कल्याणात आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचीत. एकदा गरजेहून अधिक आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यावयास सांगितले, अशी कथा आहे. अर्जातही आपण वेचलेलेच दाणे असावेत. प्रकल्प चौघांचा असेल तर आपला वाटा नेमका सांगावा; उत्तर येत नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणावे. इतरांचे हिशेब तपासण्याचे कायक ज्यास हवे, त्याने आरंभी स्वतःचाच हिशेब चोख मांडावा.