विकणे आहे : एक विमान

विमान विकण्याची पाळी आमच्या घराण्यात आजवर कोणावर आलेली नाही. आजोबांनी एक बैलजोडी विकली, वडिलांनी एक सायकल विकली आणि आमच्या साडूभाऊंनी गेल्या पावसाळ्यात आमच्याच अंगणातून एक स्कूटर विकली. (तिची हकिगत पुढे येईल.) तेव्हा विमान विकणाऱ्याने नीतीने कसे वागावे, यावर बोलायचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारले तर मी एवढेच म्हणेन की मी गोंदियाला राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली, इंग्रजांनी इथे बिरसीला धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे तिच्यावर वैमानिकांची शाळा आली. १ डिसेंबर २०२३ ला तर हैदराबादेला जाणारे प्रवासी विमान सुरू झाले आणि गावातली निम्मी मंडळी काही काम नसताना हैदराबादेची चौकशी करू लागली. पण आमचे खरे सख्य शिकाऊ विमानांशी. एका इंजिनाचे, दोन-चार माणसांचे विमान धानाच्या बांध्यांवरून घरघरत जाते, खाली रोवणीला वाकलेल्या बाया मान वर न करता म्हणतात, "नवीन पोरगा दिसते." आवाजावरून त्यांना कळते.

विमान विकण्याचा प्रश्न आमच्या घरात आणला तो माझ्या भाच्याने. तो विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर आहे आणि सध्या अमेरिकेत असतो. तिकडे जुने विमान घेणे-विकणे ही आपल्याकडे जुनी जीप घेण्याइतकी सवयीची गोष्ट आहे. सेसना १७२ नावाचे एकच विमान घ्या. १९५६ पासून त्याचे चव्वेचाळीस हजारांवर नग निघाले. एवढी विमाने म्हणजे कोणी ना कोणी रोज एखादे विकणारच. हिवाळ्यात घरी आला तेव्हा भाच्याने मला एक जाहिरात वाचून दाखवली. १९४६ सालचे ॲरॉन्का चीफ, एक इंजिन, दोन आसने, "उत्तम राखलेले", मालकाचे वय झाल्यामुळे विकणे आहे.

मी चमकलो तो 'उत्तम राखलेले' या शब्दांनी. जाहिरातीतली विशेषणे मी आयुष्यभर वाचत आलो आहे. 'गृहकृत्यदक्ष' म्हणजे काय, 'स्टेशनपासून पाच मिनिटे' म्हणजे कोणाची पाच मिनिटे आणि 'डॉक्टरांनी वापरलेली गाडी' म्हणजे डॉक्टर कशाचे, हे प्रश्न कोणी विचारत नाही. साडूभाऊंची स्कूटर डॉक्टरांचीच होती. साडूभाऊ स्वतः पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. पण त्यांनी ती एका दंतवैद्याकडून घेतली होती.

बरे, राखणे म्हणजे तरी काय? आपण मध्यमवर्गीय माणसे वस्तू राखतो म्हणजे ती वापरत नाही. चांगले कप काचेच्या कपाटात, सोफ्यावर प्लॅस्टिक, टीव्हीवर क्रोशाचे झाकण. भाचा म्हणाला, "मामा, विमानाचं नेमकं उलटं आहे. दहा वर्षं झाकून ठेवलेलं विमान मी सगळ्यांत जास्त घाबरून उघडतो." इंजिन चालले नाही की तेल निथळून खाली जाते, उघड्या पडलेल्या लोखंडावर ओल बसते, आतला कॅमशाफ्ट गंजतो आणि बाहेरून रंग लखलखीत. आठवड्या-पंधरवड्याला तासभर उडणारे, जरा मळके, तेलाचे ओघळ आलेले विमान त्यापेक्षा बरे. हे ऐकून आमच्या हिने त्याच संध्याकाळी कपाटातले कप बाहेर काढले. राखण्याच्याही पलीकडे विसरण्याचा एक प्रकार आहे. एअर इंडियाचे एक बोइंग ७३७ कलकत्त्याच्या विमानतळावर २०१२ पासून उभे होते आणि ते आपले आहे याचाच कंपनीला विसर पडला होता. विमानतळवाल्यांनी 'तुमचे आहे ते घेऊन जा' म्हटल्यावर पत्ता लागला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ते एकदाचे हलले. आमच्या माळ्यावर एक तांब्याचा बंब आहे, तो मी त्या दिवशी जाऊन पाहून आलो.

त्या ॲरॉन्काशी आपले दूरचे नाते निघाले म्हणून सांगतो. तिच्याच धर्तीवर बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्याने १९५८ साली एक दोन आसनी विमान उडवले. त्यामागे होते डॉ. विष्णु माधव घाटगे, आपले कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्राध्यापक प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. सापळ्यावर कापड ताणलेले आणि नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाचे हे विमान देशातल्या फ्लाइंग क्लबांतून एका पिढीला उडायला शिकवून गेले. नाव ठेवले पुष्पक. नाव सुरेख, पण विक्रीच्या कामी निरुपयोगी. मूळ पुष्पक कुबेराचे, ते रावणाने हिसकावले आणि रामाने अयोध्येला पोचल्यावर कुबेराकडे परत पाठवले. तुकोबांना न्यायला आले त्या विमानाला तर तिकीटसुद्धा नव्हते. आपल्या परंपरेत विमान मिळते, हिसकावले जाते, परत केले जाते. विकले कुठेच जात नाही. त्यामुळे शास्त्रात आधार नाही.

विमानाच्या विक्रीला नसला तरी विक्रीला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजलि नावाचा तपस्वी आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की चिमण्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिले मोठी होऊन उडून गेली. मग त्याला वाटले, धर्म म्हणतात तो हाच. आकाशवाणीने त्याला सांगितले, काशीला जा आणि तुलाधाराला विचार. तुलाधार वाणी. त्याची तपश्चर्या एवढीच की त्याचा काटा सगळ्यांना सारखा. मला या गोष्टीत नेहमी गंमत वाटते ती ही की धर्म शिकायला ऋषीला दुकानात पाठवले आहे, दुकानदाराला रानात नाही.

आता स्कूटर. घ्यायला आला तो कामठ्याकडचा एक दूधवाला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्याने विचारले, "गाडी कशी आहे जी?"

"एक नंबर! डॉक्टरांची गाडी आहे," साडूभाऊ म्हणाले.

एवढ्यात आमची ही चहा घेऊन बाहेर आली. "भाऊजी, ते ब्रेकचं सांगितलंत का?"

अंगणात शांतता पसरली. दूधवाला बशीतून हिच्याकडे पाहत म्हणाला, "सांगा जी बाई, सांगून टाका."

हिने सांगून टाकले. मागचा ब्रेक लागतो, पण गाडी थांबायची ती तिच्या मनाने थांबते. तिसरा गिअर सुटतो. पावसात आडवी केल्याशिवाय सुरू होत नाही. साडूभाऊंचा चेहरा प्रत्येक कलमाला पाचशे रुपयांनी उतरत गेला. नंतर ते मला म्हणाले, "त्याने विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो. पण न विचारता सांगायला मी कायद्याने बांधलेला आहे का? तुम्ही कोर्टातले, तुम्हीच सांगा."

मी कोर्टात शिरस्तेदार होतो, त्यामुळे कायदा मला रस्ता माहीत असावा तसा माहीत आहे. म्हणजे कोणत्या वळणावर खड्डा आहे ते ठाऊक, रस्ता कोणी आणि का बांधला ते नाही. साडूभाऊंचे म्हणणे खरे होते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ खाली एक घोडा बांधलेला आहे. 'अ' हा लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे 'अ'ला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच पुढचे उदाहरण : 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र सांगणे 'अ'चे कर्तव्य. तिसऱ्या उदाहरणात 'ब' म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निकोप समजेन," आणि 'अ' गप्प राहतो. हे गप्प राहणे बोलण्याबरोबर.

दीडशे वर्षांवर हा घोडा कोर्टात उभा आहे. मी त्याच्याकडे अनेकदा पाहिले आणि प्रत्येक वेळी मनात आले की कायद्याला सगळे कळलेले आहे. मुलीला लंगडा घोडा विकणारा बाप कसला, हे त्याला कळते. फक्त परक्याच्या मुलीपाशी येऊन तो थांबतो. का थांबतो तेही उघड आहे. बाजारात प्रत्येकाने प्रत्येकाला मुलगी मानले तर संध्याकाळपर्यंत एकही व्यवहार होणार नाही, नुसते डोळे पुसणे चालेल. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, घोड्याचे दात मोजावे, हे मला मान्य आहे.

पण विमानाचे दात मोजता येत नाहीत. ते वहीत असतात. विमानाला एक वही, इंजिनाला एक वही, आणि त्यांत पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक तास आणि प्रत्येक दुरुस्ती. अठराशे-दोन हजार तास झाले की इंजिन पूर्ण उघडायचे. जमिनीवर असताना पंखा कुठे आपटला तरी उघडायचे, कारण पंख्याचा धक्का आतल्या दांड्यापर्यंत जातो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या विमानाचे कापड बदललेले असते, इंजिन बदललेले असते, चाके तर बदललेली असतातच. आमच्या आजीच्या गोधडीसारखे. तिच्यात आजीच्या लुगड्याचा आता एकही तुकडा नाही, तरी ती आजीचीच. मग विकत घेणारा नेमके घेतो काय? भाचा म्हणतो, वही. वह्या हरवलेल्या विमानाची किंमत धाडकन उतरते, मग ते कितीही गुळगुळीत दिसो. आणि वही तर माणसेच लिहितात. बिघडलेला भाग न पाहता 'पाहिला' म्हणून सही ठोकणारी माणसे तिकडेही आहेत, हे ऐकून मला देशाविषयी जरा बरे वाटले.

स्कूटर बिघडली तर दूधवाला ती रस्त्याच्या कडेला लावील आणि साडूभाऊंच्या नावाने बोटे मोडील. विमानाला कडा नसते. इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही, हे खरे; तरंगत तरंगत बरेच लांब जाते. पण कुठेतरी उतरावे लागते. आमच्या भागात जुलै-ऑगस्टात उतरायचे म्हणजे पाण्याने भरलेल्या बांधीत, आणि बांधीत बाया. त्यांनी कुठल्या करारावर सही केलेली नाही. त्यांचा त्या घोड्याशी काही संबंध नाही. 'अ' नाहीत, 'ब' नाहीत.

इथे माझी एक समजूत हलली. मला वाटे की विकणाऱ्याने खरे सांगितले म्हणजे सुटला. हिने सगळे सांगितले, किंमत उतरली, दूधवाला खूष, साडूभाऊ नाखूष, पण व्यवहार स्वच्छ. दूधवाल्याने पैसे मोजले आणि तो गाडीला किक मारणार तोच ही म्हणाली, "ब्रेक करूनच न्या."

"पण बाई, तुमी सांगतलं ना. मले चालते."

"तुम्हांला चालतं हो. जयस्तंभ चौकात समोरून येणाऱ्या पोराला मी कुठे सांगितलंय?"

दूधवाला गाडी ढकलत मेकॅनिककडे गेला. ब्रेकचे पैसे निम्मे-निम्मे झाले. विमानाच्या बाबतीत हिचे म्हणणे कायद्याला पटलेले दिसते. विकणारा राजी, घेणारा राजी, तरी उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र नसेल तर ते विमान आकाशात न्यायचे नाही. पण ते प्रमाणपत्र शेवटी दुपारच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, बॅटरी घेऊन सापळ्यात डोके घालणाऱ्या एकट्या माणसावर उभे असते. तो कंटाळला की संपले.

या धंद्यात सगळेच साडूभाऊ असते तर विमाने उडलीच नसती. १९२९ साली आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान असे एकट्याने उडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकिरला दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगपायी अडले होते. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. अस्पी कराचीला आधी पोचला, टाटा काही तासांनी मागे राहिले. पुढे १९६० मध्ये हा अस्पी हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट मी साडूभाऊंना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तो प्लग चांगला होता का?" माणूस धंद्यात मुरलेला आहे.

भाच्याला मी सरळ विचारले, तू परक्या माणसाचे विमान तपासायला जातोस, तर तो खरे सांगतो की नाही हे कसे ओळखतोस?

"वह्या मी नंतर बघतो, मामा. आधी म्हणतो, मालक, चला, दोघं मिळून एक चक्कर मारून येऊ. एकाला नेमकी त्याच वेळी पाठदुखी आठवली. मी तसाच परत आलो."

"आणि तो जाहिरातीतला?"

"तो म्हातारा चढला, बसला, पट्टा बांधला. इंजिन सुरू केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, उजवीकडचा दरवाजा हातानं धरून ठेव, वर गेल्यावर उघडतो. वहीत लिहायचं राहिलं."

"मग, घेतलं का विमान?"

"घेतलं की. पण आधी खाली उतरून दोघांनी कडी बदलली."