पांगाऱ्याचा मासा

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि माझ्या पडवीत दोरीवर नऊ लाकडी मासे वाळत टांगले आहेत. या दोन गोष्टी एकाच माणसाकडे कशा, हे मला वर्षभर छळत होतं.

मी नेवाशाचा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. ज्या खांबाला टेकून ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका सांगितली, तो पैस खांब माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आजोबांपासून आमच्याकडे मासळी शिजत नाही. भाच्याला मात्र गळाचा नाद. सुटीला आला की मच्छीमार संस्थेची परवानगी काढतो आणि प्रवरेच्या बंधाऱ्यावर मरळ धरायला बसतो. दुकानातला नकली मासा महाग, आणि दगडात अडकून तंगूस तुटला की गेलाच. गेल्या चैत्रात म्हणाला, "मामा, फळ्यावर तुम्ही किती छान चित्रं काढायचात. लाकूड मी तासून देतो, रंग तुम्ही द्या." मी नाही म्हणालो. त्याने गळ घातली. विनवणीलाही आपली भाषा गळच म्हणते, हे इतकी वर्षं मराठी शिकवूनही मला त्या दिवशीच जाणवलं.

लाकूड पांगाऱ्याचं. सावंतवाडीची खेळणी करतात तेच. हलकं, मऊ, चाकूला वश होणारं. चार बोटं लांबीचा तुकडा, पोटात खाच पाडून तीत शिसं बसवलेलं, म्हणजे पाण्यात तो उताणा होत नाही. मी पहिल्याच दिवशी कोऱ्या लाकडावर ऑइलपेंट मारला. लाकडाने तो पिऊन टाकला. बादलीत सोडला तर तासाभरात तुकडा फुगला आणि रंगाला भेगा गेल्या. मग गावातल्या सुताराने सांगितलं, आधी सीलरचे दोन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिशपेपर, मग पांढरा प्रायमर. तेवढं केलं आणि पुढे घाई नडली. ऑइलपेंट वरून सुकला होता, आत ओला होता. त्यावर लॅकर मारताच थिनरने खालचा रंग उचलला आणि सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. आषाढात, हवेत ओल असताना मारलेलं लॅकर दुधासारखं पांढुरकं झालं. पाच मासे वाया गेले. त्यानंतर मी पाण्यातले अॅक्रिलिक रंग घेतले, आणि दोन हातांमध्ये एक दिवस सोडायचा हा नियम स्वतःला लावून घेतला.

खवल्यांची युक्ती मला आमच्या कांद्याने दिली. आमच्या भागात जाळीदार गोणी कुठल्याही घरात सापडते. तिचा तुकडा माशाच्या अंगावर ताणून बसवायचा, मागून चिमटे लावायचे आणि वरून रुपेरी रंगाचा हलका फवारा द्यायचा. जाळी अलगद उचलली की खाली खवल्यांची ओळ. पहिल्यांदा ती उचलली तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. पाठ गडद, बगला रुपेरी, पोट पांढरं. वरून पाहणाऱ्याला पाठ तळाच्या अंधारात मिसळते, खालून पाहणाऱ्याला पोट आभाळाच्या उजेडात. सृष्टीने माशाला शत्रूपासून लपण्यासाठी दिलेला हा रंग मी माशाला फसवण्यासाठी उसना घेत होतो.

डोळा शेवटी. काळी टिकली, भोवती पिवळं कडं. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती सर्वांत मुरलेल्या हाताकडे असते, हे मला ठाऊक होतं. भाचा म्हणाला, "मामा, डोळा जरा मोठाच ठेवा. मासा डोळ्यावर येतो." टिकली चिकटवताना माझा हात थांबला. मूर्तीचा डोळा आपण आखतो तो देवाने आपल्याकडे पाहावं म्हणून. हा डोळा मी आखत होतो तो कुणीतरी त्यावर झडप घालावी म्हणून. कारागिरी तीच, एकाग्रता तीच, आनंदसुद्धा तोच. मग फरक कुठे आहे?

त्यावरचा शेवटचा हात इपॉक्सीचा. राळ आणि हार्डनर समसमान घ्यायचे, सावकाश ढवळायचे, ब्रशने लावायचे आणि ते घट्ट होईपर्यंत मासा फिरवत राहायचा, नाहीतर ओघळ पोटाशी जमतो. बुडबुडे आले तर तोंडाची ऊब द्यायची, ते फुटतात. संध्याकाळी घरात हरिपाठ चाललेला असे आणि मी उंबऱ्याशी बसून माशाची तार दोन बोटांत फिरवत असे. मुखाने नाम आणि हातात गळाचा मासा. मन त्या वेळी इतकं स्थिर असे की जपाच्या वेळीही क्वचितच तेवढं होतं. मला भीती वाटली ती याचीच. वाईट काम करताना मन अस्वस्थ होतं असं मी मुलांना शिकवत आलो होतो. इथे तर मन शांत होतं.

रंगाच्या दुकानातले शेठ जैन आहेत. हे कशासाठी नेता, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलवेना, सांगितलं. ते रागावले नाहीत. "सर, आमच्यात करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही सारखंच धरतात," एवढंच बोलले आणि पुडा बांधून दिला. घरी येऊन मी मनुस्मृती काढली. पाचव्या अध्यायात प्राण्याच्या वधाचे आठ वाटेकरी मोजले आहेत: संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. हत्यार घडवणाऱ्याचं नाव त्या यादीत नाही. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. पण यादीत नाव नाही म्हणून सुटलेला माणूस सुटलेला नसतो. ज्ञानोबांनी तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना अशा सुटकेला थारा दिलेला नाही. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालावं, तशी हिंसेचीच अहिंसा करणाऱ्यांना त्यांनी तिथे उघडं पाडलं आहे. 'मी फक्त रंग देतो' हे माझं कुंपण होतं.

त्याच प्रकरणात चालण्याचं वर्णन आहे. कमळाच्या केसरांवर भुंगा पाय ठेवतो तो केसर चुरगळेल या शंकेने, तसं ज्याचं पाऊल जमिनीवर पडतं तो अहिंसक. मी ते वर्गात कित्येकदा शिकवलं. त्याचा अर्थ अंगात उतरला तो मात्र दोन केसांच्या ब्रशने कल्ला रंगवताना, जेव्हा श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. लाकडाच्या माशाला मी इतकं जपत होतो. खऱ्याला कोण जपणार?

आणि मग भाद्रपद आला. भाचा म्हणाला, "चला, तुमचा मासा पाण्यात कसा चालतो ते बघा." पाऊस थांबून ऊन पडलं होतं. बंधाऱ्याच्या कडेला, पाणवनस्पतींच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर, पावसाचे थेंब पडावेत तशा बारीक ठिकऱ्या उडत होत्या. आभाळात ढग नव्हता. नीट पाहिलं तर खाली लालसर रंगाचा एक गोळा सरकत होता. परातीएवढा, आत शेकडो इवले जीव. ती मरळीची पिलं. मरळीला वरची हवा घ्यावी लागते, म्हणून पिलं घडीघडी वर येतात. गोळ्याच्या खाली एक काळी सावली संथ फिरत होती. भाच्याने माझा मासा गोळ्याच्या पलीकडे टाकला आणि पिलांच्या मधून ओढत आणला. सावली अशी उसळली की पाणी माझ्या अंगावर उडालं.

"मामा, भूक नव्हती तिला. पिलांजवळ काही आलेलं चालत नाही. म्हणून या दिवसांत हमखास लागते," तो सांगत होता. मरळ त्याच्या हातात होती, तोंडात माझा मासा, आणि मी लावलेली टिकली तशीच चमकत होती. मागे पाण्यावर तो लाल गोळा सैरभैर झाला होता.

आपल्या परंपरेत गळाला लागलेला मासा म्हणजे जिभेच्या लोभाचा धडा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत मासा हा रसनेपायी नाश पावणाऱ्याचा नमुना आहे. पैठणच्या नाथांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली, आणि आमच्या भागातल्या कीर्तनांत तो मासा आजही येतो. मी मोठ्यांपुढे नम्र होऊन म्हणतो, की माझ्या डोळ्यांदेखत लागलेली मरळ लोभाने गेली नाही. ती राखणीला आली होती. तिला दोष देता येत नाही, आणि धडा तिच्यासाठी नाही. धडा माझ्यासाठी होता. आमिष घडवणाऱ्याने विचारायला हवं की मी या जिवातल्या कशाला हाक मारतो आहे. भुकेला हाक मारणं हा सृष्टीतला जुना व्यवहार आहे. बगळाही बेडकावर जगतो, मरळही जगते. त्या व्यवहारात माझा वाटा आहे आणि त्याचा दोष मी माझ्या पदरात घेतो, शेठचं बोलणं मला मान्य आहे. पण जिवातल्या मायेला हाक मारून तिच्यावर गळ लावणं, यापेक्षा हीन फसवणूक मला ठाऊक नाही. रंगवताना मन शांत का असे, याचंही उत्तर त्या दिवशी मिळालं. मन कामाच्या सुबकतेने शांत होतं, कामाच्या हेतूने नव्हे. सुबक हाताला हेतूची चौकशी वेगळी करावी लागते.

भाच्याने ती मरळ सोडली. गळाचा काटा काढताना तिचा जबडा थोडा फाटला, ती पाण्यात एका अंगावर झाली, मग सावरली आणि गेली. ती पिलांकडे परतली की नाही, ते गढूळ पाण्यात दिसलं नाही. घरी आल्यावर मी पक्कड घेतली आणि सगळ्या गळांचे उलटे काटे चेपून टाकले, म्हणजे सुटणारा मासा न फाटता सुटेल. माळ काढावी का, हा प्रश्न मी बुवांना विचारला. ते म्हणाले, माळ घातल्यावरच असे प्रश्न पडतात, राहू द्या.

मी मासे रंगवतो आहे. अट एकच ठेवली आहे, आणि तीच तुम्हा गळवाल्यांना हात जोडून सांगतो. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत पाण्यावर लालसर पिलांचा गोळा दिसला, तर तंगूस गुंडाळा आणि दुसऱ्या काठाला जा.