एका शेतकऱ्याचा नकार

युद्ध न्याय्य आहे की अन्याय्य, हे ठरवायचे कोणी? राजाने, धर्मपीठाने, की ज्याच्या हाती बंदूक दिली जाते त्याने? ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातील शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांच्यापुढे हा प्रश्न केवळ तात्त्विक चर्चेचा नव्हता. घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली होत्या. १ मार्च १९४३ रोजी एन्स येथील छावणीत हजर होऊन त्यांनी सांगितले की, हिटलरसाठी आपण लढणार नाही.

हे गृहस्थ सर्वच युद्धांचे विरोधक नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी त्यांनी लष्करी प्रशिक्षणही घेतले होते. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. ती मान्य झाली नाही. त्यांचा नकार होता तो या युद्धाला.

लिंझचे बिशप योसेफ फ्लीसर यांनी त्यांना कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. राज्यकर्त्यांच्या कृत्यांना सामान्य माणूस फारसा उत्तरदायी नसतो, असा त्यांचा युक्तिवाद. सल्ल्यामागील कळकळ खरी असेल, तर्क मात्र मला पटत नाही. न्याय्य युद्धाच्या अटी संत थॉमस अक्वायनस यांनी सांगून ठेवल्या आहेत. त्या पारखण्याचा अधिकार केवळ युद्ध पुकारणाऱ्यालाच असेल, तर त्या अटींना अर्थ तो काय उरला? आरोपीनेच न्यायासनावर बसावे, तसे ते होईल.

कुटुंबाचा आक्षेप मात्र इतक्या सहजी निकालात निघत नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे येगरश्टेटर यांचा शिरच्छेद झाला. त्याची किंमत फ्रान्झिस्काबाईंनीही मोजली. गावाने त्यांनाच बोल लावला. विधवेचे निवृत्तिवेतन १९५० पर्यंत मिळाले नाही. पतीचे मन वळविण्याचा प्रयत्न त्यांनी आरंभी केला होता, पुढे त्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. या निर्णयात त्यांचाही वाटा होता, असे मी मानतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे हे उदाहरण मांडणाऱ्या थॉमस रॉबर्ट्स यांना मुंबईकर विसरले नसावेत. ते आपले माजी आर्चबिशप. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, मात्र त्यांनी समाजाची अन्य सेवा पत्करावी, असे परिषदेने १९६५ साली म्हटले. एखादेच युद्ध नाकारणाऱ्याला मात्र बहुतेक देशांचे कायदे आजही ही सवलत देत नाहीत.

२६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये येगरश्टेटर यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्काबाई त्या सोहळ्यास उपस्थित होत्या.