वगळलेलं पान



आजचं वाचन: प्रकटीकरण १:३ आणि लेवीय १९:१४

प्रकटीकरणाच्या सुरुवातीलाच योहान धन्यवाद सांगतो. तो वाचून दाखवणाऱ्यासाठी आहे, आणि ऐकून पाळणाऱ्यांसाठीही. आपण बायबल अॅपवर एकटेच, मनातल्या मनात वाचतो, म्हणून ‘वाचून दाखवणारा’ आपल्या नजरेतून सुटतो. पण त्या काळच्या बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यांना वचन मिळालं ते दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात.

आजही काहींना ते तसंच मिळतं. ब्रिटनमध्ये अंधांसाठी ‘बोलकी पुस्तकं’ १९३५ मध्ये सुरू झाली. १९७० च्या सुमारास वेल्समध्ये स्थानिक बातम्या वाचून रेकॉर्ड करण्याचं काम उभं राहिलं. तिथल्या काही चर्चमध्ये मंडळीचं मासिकही असंच ध्वनिरूपात निघतं. सगळं स्वयंसेवकच करतात. माइकसमोर बसून आळीपाळीने वाचायचं, प्रती काढायच्या आणि पाकिटात घालून पाठवायच्या. पूर्वी कॅसेट असायची, नंतर पेन ड्राइव्ह आला. पाकिटावरचं पत्त्याचं कार्ड ऐकून झाल्यावर उलटं करायचं, की मागच्या बाजूला परतीचा पत्ता. टपालखर्च नाही. आपल्याकडेही अंधांसाठीचं साहित्य टपालखातं मोफत नेतं.

किती सुंदर सेवा! पण तिच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे: काय वाचायचं आणि काय गाळायचं, हे कोणी ठरवायचं?

गाळणारा वाईट मनाने गाळत नाही. “हिशोबाचं पान कशाला? कंटाळतील.” “त्या वादाचं पत्र नको, उगाच त्रास होईल.” सगळं प्रेमापोटीच. तुम्ही-आम्हीही कंटाळवाणं पान उलटतोच की! पण आपण पान उलटलं, हे आपल्याला माहीत असतं. ऐकणाऱ्याला मात्र असं पान होतं, हेच कळत नाही. समजा, गाळलेल्या पानावर पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीची तारीख होती. मग त्या विश्वासणाऱ्याचं मत कोणी घेतलं? कोणीच घेतलं नाही, आणि तरीही ते गेलं.

लेवीयमधली आज्ञा इथे मला हलवून सोडते. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. आणि लगेच पुढे देवाचं भय बाळगण्याची आठवण. ती इथेच का? मला वाटतं, कारण बहिऱ्याला शाप ऐकू जात नाही, आंधळ्याला दगड ठेवणारा दिसत नाही. ज्याचं नुकसान झालं तो आपल्याला पकडू शकत नाही. पाहणारा फक्त देव. अडखळण म्हटलं की आपल्याला रस्त्यातला दगड आठवतो. न वाचलेलं पानही अडखळण असू शकतं.

मग काय, जाहिराती आणि फोन नंबरांच्या याद्यांसकट सगळं वाचायचं? दोन-दोन तास ऐकायला लावणं हेही काही प्रेम नव्हे. वाट येशू दाखवतो. मार्क १० मध्ये आंधळा बार्तीमय त्याच्यासमोर उभा आहे. त्याला काय हवंय हे अख्ख्या गर्दीला दिसतंय, तरी प्रभू त्यालाच विचारतो. उत्तर उघड असतानाही विचारणं, हा आदर आहे.

म्हणून आधी अनुक्रमणिका वाचावी. जे वाचलं नाही ते स्पष्ट सांगावं आणि हवं असेल तर कळवायला सांगावं. आणि निवड करणाऱ्यांमध्ये एखादा अंध सभासद असावा. मग गाळण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडे परत जातो.

“आता फोनच वाचून दाखवतो ना!” असं तुम्ही म्हणाल. खरंय, कित्येक दृष्टिहीन तरुण टॉकबॅक आपल्या वाचनापेक्षा जास्त वेगाने ऐकतात. पण आपण मंडळीच्या ग्रुपवर काय टाकतो? सूचनेचा फोटो, किंवा जुन्या फॉन्टमधली पीडीएफ. तिथे फोनची वाचा बसते, नाहीतर तो काहीतरी गिचमिड बोलतो. वृद्धापकाळी दृष्टी गेलेल्या अनेक आजी-आजोबांना तर फोनपेक्षा ओळखीचा आवाज जवळचा. तेव्हा या रविवारी सूचनापत्रक साध्या युनिकोड मजकुरात टाका. किंवा एका आजोबांना फोन करून विचारा, “काय काय वाचून दाखवू?” आणि ते सांगतील ते वाचा, अगदी हिशोबसुद्धा.

प्रार्थना: प्रभू, ज्यांना आमची चूक दिसणार नाही, त्यांच्याशी आम्हाला प्रामाणिक ठेव. दुसऱ्याच्या वतीने ठरवण्याआधी त्याला विचारायला शिकव. आमेन.