गोऱ्ह्याची किंमत

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात माळ घातली की मटण-अंडी सुटतात, एकादशी लागते, वारी लागते. दूध मात्र सुटत नाही. पंढरपुरात पहाटे विठोबाला लोणी-साखर दाखवतात, मग माळकऱ्याने दुधाचा दोष का मानावा?

२०१९ च्या उन्हाळ्यात आमची जर्सी व्याली. गोऱ्हा झाला. कालवड असती तर घरात आनंद झाला असता. जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, त्याला ऊन सोसत नाही आणि आता नांगराला ट्रॅक्टर आहे. २०१५ पासून गोवंश हत्याबंदी, त्यामुळे बाजारातही गिऱ्हाईक नाही. अशा गोऱ्ह्याबद्दल लोक म्हणतात, ‘तो आपोआप जातो.’ म्हणजे आधी चीक पाजायचा आणि मग पाजणं कमी कमी करत न्यायचं. मीही तेच केलं. नवव्या दिवशी तो गेला. त्या महिन्याच्या दुधाच्या पगारातून मी दिंडीची भिशी भरली आणि आळंदीहून पंढरपूरपर्यंत नाम घेत चालत गेले. कळसाला हात जोडले तेव्हा गोऱ्ह्याचे डोळे आठवले. परत आल्यावर दूध, दही, ताक, तूप, चहातलं दूधसुद्धा सोडलं.

पुण्याची लेक बदामाच्या दुधाचा डबा घेऊन आली. त्यावरची किंमत बघून म्हणाली, “आई, वीगन होणं श्रीमंतांचं काम.” मला ते पटलं नाही. मी बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे, गावातल्या पोरांची वजनं माझ्या हाताने घेतली आहेत. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, शेवग्याचा पाला, तीळ, जवस, हे आमच्याकडच्या गरिबाचंच जेवण. ते खायला बदाम लागत नाहीत. एक बी-बारा तेवढं झाडपाल्यात मिळत नाही, त्याची गोळी मी घेते. अंगणवाडीतल्या कमी वजनाच्या लेकराच्या हातातलं अंडं किंवा दूध मात्र मी माझ्या व्रतापायी काढून घेणार नाही. व्रत माझं आहे, त्याच्यावर कसं लादू?

माझं ताट उलट स्वस्तच झालं. महाग पडतं ते डेअरी बंद करणं. आमच्या कोरडवाहू रानात ज्वारी वर्षातून एकदाच हाती येते, तीही पाऊस झाला तर. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. किराणा, नातवाची फी, सासऱ्यांची औषधं, सगळं त्याच पैशातून. म्हणून मी स्वतः दूध पीत नसले तरी डेअरीला रोज घालते. मालकांनी एकदा विचारलं, “तुला दोष वाटतो, मग दुसऱ्याला पाजतेस कशी?” मी भाकरी थापत राहिले.

गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी शेळीचं दूध सुचवलं आणि ते त्यांनी घेतलं, कारण व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती. शब्द पाळला गेला, पण व्रताचा आत्मा मोडला, हे शल्य त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं. मला त्यांचा आधार वाटतो तो एवढ्यासाठीच. आपली पळवाट त्यांनी व्रताच्या नावावर खपवली नाही.

आमच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि त्या धान्याचे पैसे खुद्द विठोबाने माणसाच्या रूपात दरबारात जाऊन भरले. लहानपणापासून ही दयेची कथा म्हणून ऐकली. आता ऐकताना पैसे भरायला निघालेला विठोबाच डोळ्यांपुढे येतो. पुण्य दामाजींच्या नावे लागलं, पण किंमत कुणाला तरी मोजावी लागलीच. माझ्या अहिंसेची किंमत कोण मोजणार? गोठा बंद केला तर सून मोजणार, तिने तर माळ घातलेली नाही. चालू ठेवला तर गोऱ्हा मोजणार.

२०२२ साली पुन्हा गोऱ्हा झाला. आजेसासूबाई गावरान गाईचा एक सड वासराला सोडायच्या. मी तेच धरलं. रोजचं दोन लिटर दूध कमी भरू लागलं. घरात आठ दिवस भांडण झालं. शेवटी ठरलं, गोऱ्ह्याचा कडबा माझ्या मानधनातून. तो आज दावणीला आहे, मी आले की मान वर करतो.

जर्सी पुन्हा गाभण आहे, श्रावणात विणार. सून विचारते, “आत्या, यंदाही गोऱ्हाच झाला तर?” रात्री वही काढून बसते. कडब्याच्या पेंढ्या मोजते, मानधन मांडते. त्यात एकच बसतो.