उंबऱ्यातला उजेड

पत्र्याच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते. उन्हाळ्याच्या दुपारी दार लोटून घेतले की छपराला पडलेल्या खिळ्यांच्या भोकांतून उन्हाच्या तिरिपी आत उतरतात आणि जमिनीवर गोल गोल कवडसे पडतात. भोक वेडेवाकडे असले तरी कवडसा गोलच पडतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी तेच कवडसे कोरीसारखे होतात. हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या पोराला पहिला कॅमेरा असा घरबसल्या, फुकटात मिळालेला असतो. हा कॅमेरा आहे, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

मला बोलायचे आहे ते या पोराच्या दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल आणि त्याला तो कोणती लेन्स लावतो याबद्दल. विषय किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

आपल्याकडे फोटोग्राफी म्हणजे लग्नाचे शूटिंग, हे आता ठरूनच गेले आहे. लग्नसराईत मांडवात अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांना नवरा-नवरीऐवजी शूटिंगवाल्यांच्या पाठी दिसतात. त्या घोळक्यात ज्याच्या हातात हातभर लांब लेन्स, तो मोठा फोटोग्राफर. मग अठरा-वीस वर्षांचा पोरगा तीच लेन्स हप्त्यावर घेतो. दीड किलोचे ते वजन गळ्यात पडले की हप्ता फेडण्यासाठी मिळेल ते लग्न, मिळेल ते प्री-वेडिंग करणे आलेच. पुढे फोटो तो काढत नाही. हप्ता त्याच्याकडून काढून घेतो. या धंद्याला मी नावे ठेवत नाही. त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात आणि त्यात कष्टही आहेत. पण ज्या वयात डोळा तयार व्हायचा, त्या वयात तो कर्जाला जुंपला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशा पोराला माझे सांगणे एवढेच, की पहिली लेन्स हलकी घे, स्वस्त घे आणि जिच्याशी खेळता येईल अशी घे. कॅननची ५० मिमी एफ १.८ ही साधी लेन्स सुमारे १६० ग्रॅमची आहे, म्हणजे एका मोठ्या कांद्याएवढी. निकॉनच्या छोट्या बॉडीसाठी असलेली ३५ मिमी एफ १.८ साधारण २०० ग्रॅमची. या लेन्स झूम होत नाहीत. चौकटीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे पायांनी पुढे-मागे होऊन ठरवावे लागते. ही अडचण वाटते, पण शिकवते तीच. शिवाय कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचे तोंड ५५ मिमीवर फार तर ५.६ पर्यंत उघडते, तर हिचे १.८ पर्यंत. हिशेब केला तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. रात्री माजघरात एकच बल्ब जळत असताना, कुणाच्या तोंडावर फ्लॅश न मारता, भाकरी थापणाऱ्या आईचा चेहरा या लेन्समध्ये नीट उतरतो.

आणखी दोन गोष्टी, कारण पैसा घामाचा असतो. स्वस्त बॉडीचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे तिच्यावर ५० मिमी लेन्स ८० मिमीच्या आसपास असल्यासारखी वागते. दहा फुटांच्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते. घरातले, ओसरीवरचे फोटो काढायचे असतील तर ३५ किंवा २४ मिमी बरी. कॅननची २४ मिमीची चपटी लेन्स १२५ ग्रॅमची आहे आणि जेमतेम २३ मिमी जाड. दुसरे म्हणजे जुनी लेन्स घेताना तिच्यातून टॉर्च मारून बघा, आत बुरशीचे जाळे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. निकॉनच्या लहान बॉडीत फोकसची मोटर नसते, तिथे जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच फिरवावा लागतो, हेही आधी समजून घ्या.

पण हलक्या लेन्सचा माझा आग्रह केवळ पैशासाठी किंवा मानदुखीसाठी नाही. कोणती लेन्स घ्यायची हे ठरवताना आपण माणसांपासून किती अंतरावर उभे राहणार, हेही ठरवत असतो. आपल्या भागातली हळदीची काढणी घ्या. उन्हे तापायला लागली की शेतात कंद खणले जातात, कुकरला हळद शिजते, वाफेने डोळे चुरचुरतात आणि पिवळ्याजर्द झालेल्या हातांनी बाया ती पसरतात. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या मानांकनात हे हात दिसत नाहीत. लांब लेन्सवाला बांधावरून, त्या बाईला कळायच्या आत फोटो टिपून निघून जातो. तिचा घाम त्याच्या पानावर चढतो, लोक वाहवा करतात, तिला पत्ताही नसतो. ३५ मिमीवाल्याला मात्र तिच्यापासून चार पावलांवर जावे लागते. तिथे गेल्यावर आधी बोलावेच लागते. "मावशी, एक फोटो काढू का?" ती नको म्हणाली तर हात खाली घ्यायचा. हो म्हणाली तर पदर सावरून ती सरळ तुमच्याकडे बघते आणि तिचे ते बघणे फोटोत उतरते. जंगलातल्या पक्ष्यासाठी लांब लेन्स लागते, हे मान्य आहे. मजूर बाई पक्षी नव्हे.

शिरड शहापूर हे जैन तीर्थंकर मल्लिनाथाचे अतिशय क्षेत्र. दूरदूरचे दिगंबर जैन यात्रेकरू इथे येतात. ज्या गावात मल्लिनाथाचे मंदिर आहे, तिथे अपरिग्रहाचा अर्थ मी वेगळा सांगायला नको. गरजेपुरते जवळ ठेवावे. तिथेच अनेकांताचीही शिकवण आहे, की वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका जागी उभे राहून सगळ्या दिसत नाहीत. फोटो काढणाऱ्याने हे दोन्ही मनावर घ्यावे. एक लेन्स आणि भरपूर चालणे. जवळच्या औंढ्याची कथा आपल्या आज्यांनी सांगितलेली आहे. संत नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला लावले आणि देऊळच फिरले म्हणतात. कथा म्हणून बाजूला ठेवली तरी ती एक गोष्ट शिकवते: ज्यांना मागे उभे केले गेले, त्यांच्या जागेवरून देऊळ कसे दिसते ते पाहा. देवळासमोरून फोटो सगळेच काढतात.

आता खेळाबद्दल. 'खेळणे' या शब्दाचा आपल्याला फार धाक वाटतो. कोरडवाहू मुलखात पोराने उद्योग सोडून खेळ मांडला की घर काळजीत पडते आणि ती काळजी खोटी नसते. पण लेन्सशी खेळण्यात काय काय आहे ते पाहा. तीच ५० मिमी लेन्स एका साध्या रिंगने कॅमेऱ्याला उलटी बसवली की ज्वारीचा दाणा हंड्याएवढा दिसतो, चिरलेल्या हळकुंडातली वर्तुळे दिसतात. बॉडीच्या प्लास्टिकच्या झाकणाला सुईएवढे भोक पाडले की पत्र्यातल्या कवडशाचे तत्त्व कॅमेऱ्यावर येते. सोव्हिएत रशियात बनलेल्या जुन्या हेलिऑस ४४ या लेन्समध्ये मागची पाने भोवऱ्यासारखी गरगरतात. ऑलिंपससारख्या कंपनीने २०१२ मध्ये कॅमेऱ्याचे झाकणच लेन्स करून विकायला काढले, वजन २२ ग्रॅम. मोठे मोठे लोक हा खेळ खेळतात, मग आपल्या पोरांनीच का लाजावे?

दादासाहेब फाळक्यांना चित्रपटासाठी भांडवल हवे होते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्यासमोर तो लावला आणि कोंब वाढेल तसे थोडे थोडे टिपत गेले. ती छोटीशी फिल्म पाहून पैसा लावणारा माणूस मिळाला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. वाटाण्याचा तो खेळ घरच्यांना तेव्हा कसा वाटला असेल? घरच्यांपैकी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई तर त्या खेळात सामीलच होत्या. त्यांनी दागिने गहाण ठेवले, फिल्मला भोके पाडली, रसायनांचे काम हाताने केले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आजही घरात कॅमेरा आला की तो मुलाच्या हाती जातो. मुलगी फोटोत उभी राहण्यापुरती. दीड किलोचा जड डोलारा मुलींना झेपत नाही, अशी सबब ऐकू येते. सबबच ती, हंडे वाहताना कुणी वजन मोजत नाही. हातात मावणारी हलकी लेन्स आली की ती सबबही उरत नाही.

उजेडाचा हा खेळ शाळेतही हवा. आपल्याच औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसरचा उजेड आरशांवरून ये-जा करणार आणि प्रोटॉनहूनही कितीतरी लहान थरथर मोजणार, विश्वात दूर कुठे कृष्णविवरे आदळली की उठणारी. प्रकाशाचे इतके सूक्ष्म काम शिवेवर चाललेले असताना आपल्या शाळेतली मुले तिथे फक्त कुंपणाबाहेरून बघायला जावीत काय? एका वर्गात एक जुना कॅमेरा, दोन-तीन भिंगे, काळा कागद आणि भोक पाडायला सुई. खिडक्या झाकून वर्गच कॅमेरा करता येतो. भोकासमोरच्या भिंतीवर रस्त्यावरची एसटी उलटी जाताना दिसते. प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य पाठ करून घेण्याची गरज त्यानंतर उरत नाही.

आणि एक गोष्ट मला कधीपासून सलते आहे. आपल्या गावांत कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा एकच फोटो असतो, आधार कार्डावरचा. पांढऱ्या भिंतीसमोर, घाबरलेले डोळे, कळा गेलेला चेहरा. माणूस गेले की तोच फोटो मोठा करून, अंगावर कोट चिकटवून, फ्रेम करून हार घालतात. सत्तर वर्षे राबलेल्या बाईचा चेहरा तिच्या नातवंडांना असा ठाऊक राहतो. आणि त्याच घरात लाख रुपयांची लेन्स परक्याच्या लग्नासाठी पिशवीत जपून ठेवलेली असते.

सकाळी नऊच्या सुमारास दारातून येणारा उजेड मऊ असतो. आजीला उंबऱ्याच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसवा. पाटावर बसू द्या, तिला सवय आहे त्या जागी. लेन्स पूर्ण उघडा, फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. घाई करू नका. तिला तिच्या माहेरच्या बैलांची नावे विचारा. ती सांगू लागेल, मध्येच थांबेल, एखादे नाव आठवत बाहेर बघेल. तेव्हा बटण दाबा. मग हिंगोलीला किंवा वसमतला जाल तेव्हा मोठ्या आकारात प्रिंट काढून आणा आणि तिच्या हातात द्या, ती आहे तोवर.