पैसे जूनमध्ये लागतात

वाशीम जिल्ह्यात दोन कामं एकाच वेळी अंगावर येतात: पेरणी आणि पोराचं ॲडमिशन. मृग लागला की सोयाबीनचं बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सुरू होतं, आणि त्याच दिवसांत बारावीची टीसी, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता यांच्यामागे धावणंही सुरू होतं. सोयाबीन घरात येतं दसरा-दिवाळीला. तूर तर संक्रांतीनंतर. कोरडवाहू कास्तकाराच्या वर्षातले सगळ्यात कोरडे दोन महिने जून आणि जुलै, आणि कॉलेजं पैसे मागतात तेही याच दोन महिन्यांत. ज्याला जमीनच नाही, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाऊन जो पोट भरतो, त्याची उचल तर तोवर केव्हाच फिटलेली किंवा संपलेली असते.

रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठल्याही तहसीलच्या सेतू केंद्रासमोर जूनमध्ये तासभर उभं राहिलं तरी हे दिसतं. बापाच्या हातात प्लॅस्टिकची थैली असते. तिच्यात राशन कार्ड, सातबारा, मुलाची मार्कशीट आणि झेरॉक्सचा गठ्ठा. मुलगा मोबाइलवर ओटीपी यायची वाट बघत असतो. शिष्यवृत्ती मिळणार आहे ना, असं विचारलं तर उत्तर बहुधा एकच येतं: ‘पैसे पडतीन तवा पडतीन, आज त भराच लागतीन नं.’

या एका वाक्यात आपल्या सगळ्या शिष्यवृत्ती व्यवस्थेची खरी अडचण आहे. योजना नाहीत, असं कोणी म्हणू नये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ओबीसी, भटके-विमुक्त, आदिवासी, आर्थिक दुर्बल अशा सगळ्यांसाठी पुढे योजना आल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. हा निर्णय मनापासून चांगला आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाशीमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. ज्या जिल्ह्याचं नाव 2018 पासून देशातल्या मागास, म्हणजे सरकारी भाषेत ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आहे, तिथे हे लहान पाऊल नाही.

पण यातला बहुतेक पैसा नंतर येतो. आधी कॉलेजात भरा, मग महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरा. फॉर्म कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे सरकेल, चूक निघाली तर परत येईल, मग खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही ते बघितलं जाईल आणि हप्ता पडेल. कधी त्याच वर्षी, कधी पुढच्या वर्षी. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, असं शासनाने वारंवार बजावलं आहे. तरी काउंटरवर ‘आत्ता थोडे भरा, स्कॉलरशिप आली की परत घ्या’ हे ऐकावं लागतंच. खोलीचं भाडं, मेस, प्रवास, पुस्तकं यांना तर कुठलाच शासन निर्णय थांबवू शकत नाही. तिथे रोखच मोजावी लागते.

हे पैसे येतात कुठून? मेव्हण्याकडून उसने, बचत गटातून, आईच्या कानातलं गहाण ठेवून, नाहीतर सावकाराकडून. सरकारने द्यायचं कबूल केलेली रक्कम वर्षभर सरकारकडेच राहते आणि तिच्या जागी काढलेल्या कर्जाचं व्याज मजूर बाप भरतो. म्हणजे राज्यातला सगळ्यात गरीब माणूस सरकारला बिनव्याजी कर्ज देतो. मला हे निव्वळ प्रशासकीय दिरंगाई म्हणून सोडून देता येत नाही. हा अन्याय आहे आणि तो दरवर्षी होतो.

सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं एक प्रकरण वाचकांना आठवत असेल. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. 24 जूनला संध्याकाळी पाचपर्यंत 17,500 रुपये भरायचे होते. घरच्यांनी गावातून पैसे गोळा केले, पण घड्याळ पुढे गेलं आणि जागा गेली. शेवटी 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम 142 खालचा आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. न्याय झाला, पण सव्वातीन महिन्यांनी आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयात. 17,500 रुपये म्हणजे 2024 च्या बाजारभावाने साधारण चार क्विंटल सोयाबीन. आपल्याकडच्या ज्या पोराची जागा अशीच गेली, त्याला दिल्लीला कोण नेणार? तो गुपचूप गावातल्या सोयीच्या कॉलेजात बीएला नाव घालतो आणि पुण्याला कंपनीत जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही.

आता बाबासाहेबांचंच उदाहरण बघा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना परदेशी शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. जून 1913 मध्ये करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. आधी जा, फी भरा, पावत्या पाठवा, मग बघू, असं बडोद्याने म्हटलं असतं तर? मदत वेळेवर मिळाली म्हणून तिचा उपयोग झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने विकले. अनुदान मंजूर होईपर्यंत मुलांना उपाशी ठेवणं त्यांना सुचलंही नसेल.

दुसरी एक गोष्ट पाहावी. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाबाहेर राहून शिकणाऱ्यांसाठीच्या स्वाधार योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे महिन्याला 20,833 रुपये. मानोऱ्याहून पुण्याला गेलेला वॉचमन बाप आणि घरकाम करणारी आई यांची मिळून मिळकत 21 हजार झाली की निर्वाह भत्ता गेला, स्वाधारही गेलं. फी तेवढी माफ होते. मुलाने शहरात खायचं काय, हा प्रश्न मर्यादेवरच्या त्या 167 रुपयांनी सुटतो का? शिष्यवृत्तीची ही मर्यादा 2013 पासून जागची हललेली नाही, आणि ती वाढवायलाच हवी.

आणि एक आपल्याबद्दलचं, थोडं कडू. गावात दुकान, ट्रॅक्टर, दोन भाड्याच्या खोल्या असलेला माणूस ओळखीवर लाखाच्या आतला दाखला काढतो आणि वर ‘सगळेच काढतात’ म्हणतो. वसतिगृहातल्या खाटा मोजक्या असतात. त्याच्या मुलाला मिळालेली खाट कुणाच्या तरी मुलीची होती. त्या मुलीचा बाप मग ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलेलं असतं. असा दाखला काढून देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने त्या मुलीच्या डोळ्याला डोळा द्यावा.

सरकारने पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशीच द्यावा, ही मागणी आपण धरून ठेवलीच पाहिजे. तोवर गावाला मात्र एक गोष्ट करता येईल. नोकरीला लागलेले, निवृत्त गुरुजी, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं यांनी मिळून थोडी रक्कम बाजूला ठेवावी, जूनमध्ये बिनव्याजी द्यावी आणि शिष्यवृत्ती पडली की परत घ्यावी. ती रक्कम परत आली की पुढच्या जूनला दुसऱ्या घरी जाईल. जत्रेची वर्गणी गोळा करणाऱ्या गावाला हे जड नाही.

येत्या मे महिन्यात आपल्या गल्लीत बारावी झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी जा आणि पहिल्या हप्त्याला किती कमी पडतात, एवढं विचारा.